चेहऱ्यांचे दप्तर

मध्य रेल्वेवर नेरळ मागे पडले आणि कर्जत यायचे राहिले की मध्ये भिवपुरी रोड हे लहानसे स्थानक लागते. भिवपुरीचे नाव बाहेरच्यांना ठाऊक असते ते पावसाळ्यातल्या धबधब्यांमुळे, किंवा सह्याद्रीच्या माथ्यावरून खाली आणलेल्या पाण्यावर १९२२ पासून मुंबईसाठी वीज निर्माण करणाऱ्या टाटांच्या केंद्रामुळे. परंतु या परिसरातल्या ठाकरवाड्यांत आणि कातकरवाड्यांत आता यंत्राशी आलेला संबंध अगदी निराळ्या प्रकारचा आहे. अंगणवाडीतून घरपोच आहाराचे पाकीट नेण्यासाठी आलेल्या मातेसमोर सेविका मोबाईल धरते, पडद्यावरच्या वर्तुळात चेहरा आणायला सांगते, पापण्या मिटून उघडायला सांगते, आणि आधी नोंदवलेल्या छायाचित्राशी हा चेहरा जुळला असे ‘पोषण ट्रॅकर’ने म्हटले की पाकीट हाती पडते. १ जुलै २०२५ पासून ही पडताळणी केंद्र सरकारने देशभर आवश्यक केली. ज्या बाईच्या नावावर सातबारा नाही, जिच्या हातच्या रेषा वीटभट्टीच्या कामाने झिजल्या आहेत, तिची ओळख आता तिच्या मुद्रेवरून पटवली जाते. आणि ती पटवणाऱ्या यंत्राला मुळात माणसाचा चेहरा कोणी शिकवला, कोणाचे चेहरे दाखवून शिकवला, आणि दाखवताना प्रत्येक चेहऱ्याबद्दल काय सांगितले, हा प्रश्न या तालुक्याच्या दृष्टीने पुस्तकी राहिलेला नाही.

न्यूरल नेटवर्क म्हणजे परस्परांशी जोडलेल्या असंख्य लहान गणितांचे जाळे. त्यात एका बाजूने छायाचित्र जाते, म्हणजे वस्तुतः त्या छायाचित्रातील प्रत्येक बिंदूच्या उजेडाचे आकडे जातात, आणि दुसऱ्या बाजूने उत्तर बाहेर येते. आरंभी हे उत्तर निव्वळ अंदाजपंचे असते. मग त्या छायाचित्रासोबत माणसाने लिहून ठेवलेले खरे उत्तर, ज्याला या व्यवसायात लेबल म्हणतात, ते समोर ठेवून यंत्र आपल्या उत्तरातील चूक मोजते, ती चूक किंचित कमी होईल अशा रीतीने आतले लक्षावधी आकडे किंचित हलवते, आणि पुढच्या छायाचित्राकडे वळते. हा क्रम लाखो वेळा चालतो. २०१४ मध्ये फेसबुकच्या संशोधकांनी ‘डीपफेस’ शिकवले तेव्हा चार हजारांवर माणसांची सुमारे ४४ लक्ष छायाचित्रे वापरली होती, आणि पुढच्याच वर्षी गूगलच्या ‘फेसनेट’ने एकेका चेहऱ्याचे सार १२८ आकड्यांत उतरवून दाखवले, ते अशा बेताने की एकाच माणसाच्या दोन छायाचित्रांचे आकडे जवळ यावेत आणि दोन माणसांचे दूर जावेत. या साऱ्यात यंत्राला स्वतःची अशी समजूत नसते. जे लेबलात आहे तेच त्याला सत्य, आणि जो चेहरा संग्रहात नाही तो त्याच्या जगातही नाही.

लेबल लावण्याचे काम दुरून सोपे वाटते, म्हणून ते जरा जवळून पाहू. चेहऱ्यावरील ठळक जागा यंत्राला शिकवण्यासाठी ६८ बिंदूंची एक पद्धत रूढ आहे : जबड्याच्या कडेने एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत १७, दोन्ही भुवयांवर पाच पाच, नाकावर नऊ, प्रत्येक डोळ्याभोवती सहा, आणि ओठांच्या बाहेरच्या व आतल्या कडेने मिळून २०. आता समजा, आवणीच्या दिवसांत शेताच्या बांधावर उभ्या असलेल्या एका ठाकर स्त्रीचे छायाचित्र, अर्थात तिच्या संमतीने घेतलेले, संगणकाच्या पडद्यावर आहे. डोक्यावर इरले आहे, त्याची सावली भुवयांवर पडली आहे. पदर हनुवटीखालून मागे खोचला असल्याने जबड्याच्या उजव्या कडेचे चार-पाच बिंदू दिसतच नाहीत. नाकपुडीच्या कडेला जेथे बिंदू ठेवायचा नेमका तेथे चमकीचा खडा आहे, आणि कपाळावर गोंदण आहे, जे अननुभवी डोळ्याला सुरकुती किंवा डाग वाटावे. बिंदू लावणाऱ्याने येथे काय करावे? पदराखालचा जबडा अंदाजाने आखावा, की ती जागा झाकलेली आहे अशी वेगळी खूण करावी? दोन्ही मार्ग प्रचारात आहेत, आणि दोन्ही चालतात. मात्र कोणता धरला ते आधी लिहून ठेवून शेवटच्या छायाचित्रापर्यंत तोच पाळावा लागतो, कारण एकाने अंदाज केला आणि दुसऱ्याने जागा सोडली, तर यंत्र शिकते ते या दोघांच्या सवयींतला फरक. चांगल्या डेटासेटचे, म्हणजे लेबलांसह जमवलेल्या छायाचित्रसंग्रहाचे, निम्मे श्रम या लेखी नियमावलीत जातात. गोंदण असलेले, नथ घातलेले, फेटा बांधलेले चेहरे नियमावली रचणाऱ्याने कधी पाहिलेच नसतील तर त्यांच्यासाठी नियमही नसतो, आणि मग लेबल लावणारा कंटाळून असे छायाचित्र ‘अस्पष्ट’ म्हणून बाजूला टाकतो. कोणाच्याही मनात आकस नसताना माणसे संग्रहातून वगळली जातात ती या वाटेने.

हा खटाटोप फार जुना आहे. १९६० नंतरच्या दशकात अमेरिकेत वुडी ब्लेडसो यांनी संगणकाकडून चेहरे ओळखवून घेण्याचा पहिला प्रयत्न केला, तेव्हा छायाचित्रातील डोळ्यांचे कोपरे, नाक, केसांची रेषा यांची स्थाने माणूसच एका विद्युत्पाटीवर टिपत असे. त्यांवरून वीस अंतरे काढली जात, आणि सरावलेला माणूस तासाला सुमारे चाळीस छायाचित्रे उरकत असे. पुढे १९९३ ते १९९६ या काळात अमेरिकी सरकारने ‘फेरेट’ या नावाने ११९९ व्यक्तींची १४,१२६ छायाचित्रे रीतसर बसवून काढून घेतली. या संग्रहात ज्याचा चेहरा घेतला तो माणूस कॅमेऱ्यासमोर येऊन बसत होता, त्याला विचारले जात होते. २००७ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाने ५७४९ व्यक्तींच्या १३,२३३ छायाचित्रांचा संग्रह प्रसिद्ध केला तो मात्र इंटरनेटवरील बातम्यांतून वेचलेला होता, आणि तेव्हापासून वेचणे हीच रीत झाली. बातम्यांत ज्यांचे चेहरे येतात ते जगाचे प्रातिनिधिक चेहरे नसतात. त्या संग्रहात तीन चतुर्थांशाहून अधिक पुरुष होते आणि गौरवर्णीयांचे प्रमाण त्याहूनही जास्त होते. तरीही वर्षानुवर्षे जगभरच्या प्रयोगशाळा या एकाच संग्रहावरील गुणांवरून आपली यंत्रे जोखत राहिल्या.

याचा परिणाम २०१८ मध्ये जॉय ब्युओलाम्विनी आणि टिम्निट गेब्रू या दोन संशोधक स्त्रियांनी आकड्यांत मांडला. त्यांनी आफ्रिकेतील तीन आणि युरोपातील तीन देशांच्या संसदसदस्यांची १२७० छायाचित्रे घेतली आणि चेहऱ्यावरून स्त्री की पुरुष ते सांगणारी तीन व्यापारी यंत्रे त्यांवर चालवून पाहिली. उजळ वर्णाच्या पुरुषांच्या बाबतीत चुकीचे प्रमाण जास्तीत जास्त ०.८ टक्के भरले. सावळ्या-काळ्या वर्णाच्या स्त्रियांच्या बाबतीत ते एका यंत्रात ३४.७ टक्क्यांपर्यंत गेले. सरासरी गुण उत्तम असलेले यंत्र एखाद्या समूहापुरते जवळजवळ निकामी असू शकते, ही गोष्ट या अभ्यासानंतर कोणाला नाकारता आली नाही. अंगणवाडीच्या दारातल्या यंत्राबद्दल बोलताना ‘एकंदर इतके टक्के अचूक’ एवढ्यावर कोणी समाधान मानू नये, असे मला वाटते ते यामुळेच. कोणत्या स्त्रियांच्या, कोणत्या वयाच्या, कोणत्या उजेडातल्या चेहऱ्यांवर ते अचूक आहे, हे तालुक्याला विचारता आले पाहिजे.

आपल्या देशातही असे संग्रह झाले आहेत. फेब्रुवारी २००२ मध्ये आयआयटी कानपूरच्या आवारात चाळीस व्यक्तींची प्रत्येकी अकरा छायाचित्रे घेऊन एक लहानसा भारतीय संग्रह तयार झाला : पार्श्वभूमी उजळ आणि एकसारखी, चेहरा सरळ, मान निरनिराळ्या दिशांना वळवलेली, आणि भाव साधे, स्मिताचे, हसण्याचे व खिन्नतेचे. २०१३ मध्ये हैदराबादच्या ट्रिपल आयटीने हुबळीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील अभ्यासकांसह भारतीय चित्रपटांतून शंभर नटनट्यांच्या ३४,५१२ मुद्रा निवडून काढल्या. प्रत्येक मुद्रेसोबत वय, मानेची दिशा, भाव, उजेड, आणि चष्मा, दाढी किंवा हात यांनी चेहरा झाकला आहे काय, असा तपशील हातांनी नोंदवला. चित्रपट निवडण्यामागे विचार होता : एकच नट वीस वर्षांच्या अंतराने, निरनिराळ्या वेषांत आणि प्रकाशात सापडतो, तसा तो अन्यत्र सापडणार नाही. परंतु ज्या कर्जत-खालापूरच्या मुलखात चौकजवळ नितीन देसाई यांनी २००५ मध्ये चित्रनगरी उभी केली, आणि जेथे आसपासच्या गावकऱ्यांनी चित्रीकरणे पाहिली आहेत, तेथे हे वेगळे सांगायला नको की पडद्यावरचा चेहरा रंगभूषाकाराने आणि प्रकाशयोजनाकाराने घडवलेला असतो. शंभर प्रसिद्ध माणसांवरून वाडीतली मुद्रा शिकता येत नाही.

महाराष्ट्रात लेबलासह चेहरे जमवण्याचा इतिहास मात्र संगणकाहून पुष्कळ आधीचा आहे, आणि त्यातून शिकण्याजोगे खूप आहे. विल्यम जॉन्सन या मुंबईतल्या छायाचित्रकाराने १८६३ आणि १८६६ मध्ये मुंबईत राहणाऱ्या व येणाऱ्या लोकांचे दोन सचित्र खंड प्रसिद्ध केले. एक गुजरात, कच्छ व काठेवाडचा, दुसरा महाराष्ट्राचा. प्रत्येक चित्राखाली जातीचे किंवा जमातीचे नाव आणि वर्णन होते. गंमत म्हणून नव्हे तर पद्धतीचा दोष म्हणून हे लक्षात घ्यावे की यातील पुष्कळ चित्रे जोडकाम केलेली होती : स्टुडिओत उभ्या केलेल्या माणसांच्या आकृती कापून निराळ्या ठिकाणच्या दृश्यावर चिकटवल्या आणि पुन्हा छायाचित्र घेतले. पाहणाऱ्याला मात्र ही माणसे आपल्या नेहमीच्या जागी उभी आहेत असेच वाटावे. त्या माणसांना चित्राखाली काय छापले जाणार आहे हे कोणी दाखवले असेल, असे त्या काळाच्या राज्यव्यवहारात संभवत नाही. व्यक्तीचे नाव नाहीसे झाले आणि वर्गाचे नाव तेवढे उरले.

याच्या अगदी उलट वृत्तीचे काम इरावती कर्वे यांचे. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकाच्या अखेरीस त्या बर्लिनला ऑयगेन फिशर यांच्याकडे शिकायला गेल्या तेव्हा त्यांच्याकडे कवट्या मोजण्याचे काम आले. युरोपीयांच्या कवटीच्या दोन बाजूंतील असमानता इतर वंशांहून निराळी आणि त्यांच्या बुद्धीच्या श्रेष्ठत्वाशी निगडित असावी, अशी गुरूंची अपेक्षा होती. मापांनी त्या अपेक्षेला दुजोरा दिला नाही, आणि परक्या देशात एकट्या असलेल्या या विद्यार्थिनीने प्रबंधात मापांचीच बाजू धरली. पुढे १९३९ पासून पुण्याच्या डेक्कन कॉलेजात असताना त्यांनी महाराष्ट्रभर हिंडून माणसे मोजली : डोक्याची लांबी आणि रुंदी, गालाच्या हाडांमधले अंतर, नाकाची उंची आणि रुंदी. वि. म. दांडेकर यांच्यासह केलेला या मापांचा ग्रंथ डेक्कन कॉलेजने १९५१ मध्ये प्रसिद्ध केला. माझ्या मते मराठी मुलखातला चेहऱ्यांचा पहिला शिस्तशीर डेटासेट तो हाच. त्या कामाचे खरे मोल आकड्यांपेक्षा त्यातून इरावतीबाईंनी जे दाखवून दिले त्यात आहे. एकाच जातनावाखाली येणारे, परंतु आपसांत बेटीव्यवहार नसलेले गट मोजून पाहिले तर ते परस्परांसारखे भरतीलच असे नाही. १९६८ मध्ये कैलाश मल्होत्रा यांच्यासह प्रसिद्ध केलेल्या निबंधात तर त्यांनी महाराष्ट्रातील सारख्याच दर्जाच्या आठ अंतर्विवाही गटांची तुलना याच प्रश्नासाठी केली. वर लावलेले नाव एक आणि आतील वस्तुस्थिती अनेक. त्यांनी मापांनी लेबलाची परीक्षा घेतली. आजचा यंत्रशिक्षक नेमके उलटे करतो. तो लेबल प्रमाण धरतो आणि त्यावर यंत्राची परीक्षा घेतो.

लेबल प्रमाण धरणे किती धोक्याचे आहे हे भावनांच्या संग्रहांत दिसते. चेहऱ्यावरून राग, भीती, आनंद ओळखायला शिकवण्यासाठी २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ३५,८८७ चित्रांच्या एका बहुप्रचारित संग्रहावर माणसांनाच उत्तरे द्यायला सांगितली, तर ती लेबलांशी सुमारे ६५ टक्केच जुळली. दुसऱ्या एका मोठ्या संग्रहात ३६ हजार चित्रे दोन दोन जाणकारांना स्वतंत्रपणे दिली तेव्हा त्यांचे एकमत झाले ते ६०.७ टक्के चित्रांवर. जेथे दोन शहाणी माणसे दहापैकी चार वेळा असहमत होतात, तेथे त्यांपैकी एकाचे मत ‘खरे उत्तर’ म्हणून यंत्राला शिकवणे हा न्याय नव्हे. २०१५ चा हाँगकाँगचा एक संग्रह याहून पुढे गेला. त्यात सुमारे दहा हजार प्रसिद्ध व्यक्तींच्या दोन लाखांवर छायाचित्रांना प्रत्येकी चाळीस गुणवैशिष्ट्यांची होय-नाही लेबले आहेत. चष्मा, टोपी, टक्कल यांच्या रांगेत ‘मोठे नाक’ आणि ‘आकर्षक’ हीही आहेत. चष्मा आहे की नाही हे कोणीही सांगू शकेल. आकर्षक कोण हे कोणाच्या दृष्टीने? लेबल म्हणजे कोणा एका माणसाची साक्ष असते, आणि साक्ष देणाऱ्याला ती गोष्ट ठाऊक असण्याचा काही आधार लागतो. नाकपुडीची कड कोठे आहे, याची साक्ष पाहणारा देऊ शकतो. वय काय, आपण स्वतःला स्त्री म्हणवतो की पुरुष, मनात काय होते, याची साक्ष ज्याचा चेहरा त्याचीच.

संमतीचा प्रश्न येथेच उभा राहतो. २०१६ मध्ये फ्लिकरवरील छायाचित्रांतून वेचलेला ‘मेगाफेस’ सुमारे ४७ लक्ष चित्रांचा होता आणि मायक्रोसॉफ्टचा त्याच वर्षीचा संग्रह सुमारे एक कोटी चित्रांचा. लोकांच्या आक्षेपांनंतर दुसरा २०१९ मध्ये आणि पहिला २०२० मध्ये मागे घेण्यात आला. पण मागे घेतला म्हणजे मूळ फाइली काढल्या. तोवर ज्यांनी उतरवून घेतल्या त्यांच्याकडे त्या राहिल्या, आणि त्यांवर शिकलेल्या यंत्रांतून ते शिकणे वेगळे काढता येत नाही. संमती आधीच घ्यायची असते, ती या कारणाने. आपल्याकडे २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, आणि २०२३ च्या व्यक्तिगत विदा संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांच्या बाबतीत पालकांची पडताळता येईल अशी संमती आवश्यक केली. मात्र व्यक्तीने स्वतः जाहीर केलेली माहिती या कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवली आहे. लग्नातली छायाचित्रे हौसेने सर्वांसाठी खुली टाकणाऱ्या तरुणांनी एवढे लक्षात ठेवावे.

मग भिवपुरीच्या परिसरात असा संग्रह करायचा झाला तर तो कसा करावा? कर्जत तालुक्यात अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत, तेथील विद्यार्थी दरवर्षी चेहरे ओळखणारे प्रकल्प करतात आणि त्यासाठी बहुधा परदेशी संग्रह उतरवून घेतात. त्यांनी शंभर माणसांपासून आरंभ केला तरी पुरे. उजेडाची विविधता येथे आयती आहे : ज्येष्ठातले भगभगीत ऊन, आषाढातला दिवसाढवळ्याचा अंधार, ट्यूबलाइटखालचा निळसर प्रकाश, चुलीपाशी धुराने भरलेली खोली. एकाच महिन्यात छायाचित्रे उरकली तर दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर स्थलांतर करणारी आणि पावसाच्या तोंडावर परतणारी कातकरी कुटुंबे एकतर सुटतील, नाहीतर त्यांचा एकच ऋतू नोंदला जाईल. वर्णाची नोंद करायचीच असेल तर ‘गोरा, सावळा’ असे शब्द न वापरता २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एलिस मंक यांच्या दहा छटांच्या पट्टीशी ताडून, आणि शक्यतो त्या व्यक्तीलाच दाखवून करावी. जातीचे लेबल लावू नये. यंत्राला त्याची गरज नाही आणि माणसाला त्याचा उपद्रव होतो. शिकवण्यासाठी आणि परीक्षेसाठी छायाचित्रांची वाटणी करताना एक व्यक्ती संपूर्णपणे एकाच बाजूला ठेवावी, नाहीतर यंत्र पाठ केलेल्या चेहऱ्यावर शाबासकी मिळवते आणि नव्या माणसापुढे फसते.

आणि नोंदीला हरकत घेण्याची सोय असावी. गावात जमिनीचा फेरफार कसा होतो ते सर्वांना ठाऊक आहे : तलाठ्याने फेरफार नोंदवहीत नोंद घातली म्हणून ती पक्की होत नाही, हितसंबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी पंधरा दिवस मिळतात, हरकत आली तर ती तक्रार नोंदवहीत चढते, आणि चौकशीनंतरच मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. चेहऱ्याच्या नोंदीलाही हीच पायरी असावी. ज्याचे छायाचित्र घेतले त्याला ते, त्यावरचे बिंदू आणि सोबतची लेबले त्याच्या बोलीत समजावून दाखवावीत. चूक असेल तर दुरुस्ती आणि नको असेल तर नाव कमी करणे, हे यंत्र शिकवण्यापूर्वी व्हावे. आणि लेबल कोणी लावले, कोणत्या तारखेला, याची नोंद त्या छायाचित्राबरोबर कायम राहावी.

तेव्हा या तालुक्यातील अध्यापकांना आणि विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे की पुढचा प्रकल्प मंजुरीला पाठवण्यापूर्वी त्यांनी संमतिपत्राचा मसुदा मराठीत करावा, तो वाडीतल्या चार बायकांना मोठ्याने वाचून दाखवावा, आणि त्यांना जे वाक्य कळले नाही ते बदलावे. कॅमेरा त्यानंतर काढावा.